दुसऱ्या युनिटचा माल

४ मार्च

हा नियम झाला आणि मी घरात जिंकले.

घरच्या छतावर सोलर बसवायचं आणि सरकारी सवलत घ्यायची, तर पॅनेल आपल्या देशात बनलेलंच हवं. बाहेरून आणलेलं बसवा, पण सवलत विसरा. दुपारी कारखान्यात बातमी आली तेव्हा आम्ही बावीसजणी टेबलं वाजवायला लागलो. शेजारची चिमटी तर स्टुलावर उभी राहिली. ठिसूळ सेल चिमटीत धरून ती असा काही ठेवते की आवाज होत नाही, म्हणून तिचं नाव चिमटी. खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू येतं.

घरी मात्र मी जिंकले म्हणजे कुणीतरी हरलं. मी अकरा वर्षं पॅनेल बनवते आणि हे नऊ वर्षं लोकांच्या छतावर परदेशी पॅनेल बसवतात. रोज जेवताना वाद ठरलेला. ह्यांचं म्हणणं, "छतावर चढलं की देशबिश दिसत नाही. किती वीज देतंय तेवढं दिसतं." मी म्हणायची, आमचंही देतं. त्यावर ठेवणीतलं वाक्य यायचं, "काच बाहेरची, सेल बाहेरचे, मागचा पांढरा कागद बाहेरचा. मग तुमचं त्यात काय? डाग!" सोल्डरिंगला जुनी माणसं डाग देणं म्हणतात, त्यावरचा हा विनोद. नऊ वर्षं तोच.

आज काही बोलले नाहीत. ह्यांच्या ठेकेदाराचं गोदाम परदेशी मालानं भरलेलं आहे. मी विचारलं, "वाढू का अजून?" तर ताटावर हात आडवा धरला. मी जरा जास्तच गुणगुणत होते, हे आता लिहिताना जाणवतंय.

१९ मार्च

सुट्टी नाही. संध्याकाळी बसची वाट बघताना लिहितेय.

मालकांनी सगळ्यांसमोर भाषण केलं. अकरा वर्षांत ते आमच्या लाइनवर दोनदा आले असतील, दोन्ही वेळा पंखे बंद करायला. आज म्हणाले, "हे यश तुमच्या बोटांचं आहे." चिमटी हळूच म्हणाली, "मग बोटांना चहा वाढवून द्या." पण तिचेही डोळे भरले होते, मी पाहिलं.

ह्यांना काम नाही. काल चालता पंखा खाली उतरवला, साफ केला, परत लावला. आता तो आवाज करतो.

६ एप्रिल

एका पॅनेलमध्ये साठ सेल, दहाच्या सहा रांगा. तांब्याच्या पट्ट्यांनी एकेक जोडायचा. घाई केली की तडा जातो, आणि तो तडा नवख्या डोळ्यांना दिसत नाही, वर्षभरानं ग्राहकाला दिसतो. दिवसाला आम्ही ऐंशी पॅनेल करतो, जीव काढला तर नव्वद. मागणी त्याच्या दसपट. मग मालकांनी दुसरं युनिट काढलं. तिथला माल आठवड्याभरापासून मागच्या गेटनं येतोय, बंद खोक्यांत.

आज मला केबिनमध्ये बोलावलं. मला लाइनवरून काढून प्रमाणपत्र विभागात घेतलंय. विभाग म्हणजे मीच. टेबल, खुर्ची, स्वतंत्र पंखा आणि शिक्का. प्रत्येक पॅनेलमागे एक कागद, त्यावर छापलेलं, 'या पॅनेलची बांधणी आमच्या कारखान्यात झाली असून मी स्वतः तपासली आहे.' खाली माझी सही.

मी म्हटलं, "साहेब, दुसऱ्या युनिटचे तर मी बनताना पाहिलेले नाहीत."

ते हसले. "ताई, भाऊ आहे तुम्हाला?"

"आहे."

"त्याचं बाळ जन्मताना तुम्ही पाहिलंत? तरी आत्या झालातच ना?"

केबिनमधले सगळे हसले. मीही हसले. मग ते गंभीर होऊन म्हणाले, "ज्यांच्या सहीवर लोक विश्वास ठेवतील असं माणूस मला हवं होतं. अख्ख्या कारखान्यात एकच नाव समोर आलं."

घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते. चिमटीला सांगितलं तर ती म्हणाली, "आता माझ्या शेजारी कोण बसणार?" तिचं हे असंच. आनंदाच्या वेळीच हिला स्वतःचं आठवतं.

२३ एप्रिल

ह्यांना काम मिळालं! ठेकेदारानं आमच्या कारखान्याचा माल घ्यायला सुरुवात केली. आज हे पहिल्यांदा आमचं पॅनेल घेऊन छतावर चढले. मी दिवसभर वाट बघत होते, घरी येऊन काय म्हणतात.

आले ते बराच वेळ चपला काढत बसले. मीच विचारलं, "काय मग? कसे आहेत आमचे पॅनेल?"

"चांगले आहेत."

"नुसते चांगले?"

मग म्हणाले, "फ्रेम सरळ आहे. भोकं जागच्या जागी. मागच्या डबीतली वायर नीट. काही खोट काढायला जागा नाही. असेच पॅनेल मी वर्षानुवर्षं बसवत आलोय."

शब्दन् शब्द लिहून ठेवतेय. अकरा वर्षांत ह्यांच्या तोंडून आमच्या कामाचं पहिलं कौतुक. मी म्हटलं, "आणि तुमचा तो डाग?" तर हसलेसुद्धा नाहीत. विचारलं, "सगळ्यांवर सही तूच करतेस?"

"एकूण एक."

"जपून कर गं."

सह्या करून दुखणाऱ्या मनगटाची एवढी काळजी! रात्रीच्या जेवणाआधी स्वतः मलम आणून दिलं.

२ मे

सोल्डरिंगची लाइन बंद केली. 'तात्पुरती' असं फलकावर लिहिलंय. बावीसजणींना घरी पाठवलं. एकवीस म्हणायला हवं, मी आता त्यांच्यात नाही.

चिमटीनं खण रिकामा केला. चष्मा, चिमटा, बोटाला बांधायच्या चिंध्या. एवढंच निघालं. मी म्हटलं, "मागणी एवढी आहे, दुसऱ्या युनिटला हात लागतच असतील. तिथं जाऊन विचार ना." ट्रकवाल्याकडून पत्ता काढून दिला. तिनं कागदाची घडी केली आणि चष्म्याच्या डबीत ठेवली. मला बरं वाटलं, काहीतरी करता आलं.

५ मे

डोकं भणभणतंय. झालं तसं लिहिते.

चिमटी संध्याकाळी आली. आत ये म्हटलं तर दारातच बसली, चहाही तिथंच घेतला. म्हणाली, "जाऊन आले तुझ्या दुसऱ्या युनिटला."

"मग?"

"लाकडाच्या वखारीमागं गोदाम आहे. यंत्र नाही, टेबल नाही, काही नाही. तीन माणसं आहेत. केस वाळवायचं असतं ना, तसलं गरम हवेचं पिस्तूल. मागच्या लेबलवर फुंकायचं, पातं घालून सोलायचं, आणि वर आपलं चिकटवायचं."

मी म्हटलं, "दुरुस्तीचा विभाग असेल."

"सोल्डरिंगला बाई पाहिजे का, विचारलं मी. हसले गं. एकजण म्हणाला, नखं मोठी असतील तर ये."

मी म्हटलं, तू नीट पाहिलं नसशील. ती म्हणाली, अकरा वर्षं मी केसाएवढा तडा बघत आले, आता एवढं मोठं गोदाम दिसणार नाही होय? मग माझा तोल गेला. म्हटलं, "माझं बरं चाललंय ते तुला बघवत नाही. जळतेस तू."

तिनं अर्धा चहा तसाच खाली ठेवला आणि गेली.

हे आतल्या खोलीत होते. सगळं ऐकलं असणार. मी म्हटलं, "ऐकलंत का, काय काय बोलते ते?" तर रेडिओचा आवाज वाढवला.

दोन दिवसांत येईल परत. रागावली की असंच करते.

६ मे

आज तीनशे दहा सह्या. मागच्या गेटकडे बघितलं नाही. बघायचं काही कारणही नव्हतं.

२१ मे

मालकांना सहज म्हटलं, "साहेब, एकदा दुसरं युनिट बघायला आवडेल." ते म्हणाले, "जाऊ की! आपण दोघं जाऊ." दुपारी माझ्या टेबलापाशी नवी खुर्ची आली. हातवाली.

चिमटी आलेली नाही.

३ जून

आज काय झालं ते लिहायला हात उचलत नाही, पण लिहायलाच हवं.

अकराच्या सुमाराला गेटवर एक बाई आल्या. पांढरे केस, पाठ ताठ. निवृत्त नर्स. महिन्यापूर्वी त्यांच्या छतावर आमचे आठ पॅनेल बसले. ऊन तापलं आणि एकाचं लेबल कोपऱ्यातून सुटलं. पॅनेल पुसायला गेल्या तेव्हा त्यांना दिसलं. सोललेल्या जुन्या लेबलाचा अर्धा तुकडा खाली राहून गेला होता. त्यावर दुसऱ्या देशाचं नाव. आमचं लेबल त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवून आणलं होतं, सोबत फोटो आणि माझ्या सहीचा कागद.

गेटवर म्हणाल्या, "सही कुणाची आहे, त्यांनाच भेटायचंय." मी खाली गेले.

"ही तुमची?"

"हो."

"'मी स्वतः तपासली आहे' असं लिहिलंय."

मी कागद हातात घेतला.

"चाळीस वर्षं मी लेबल वाचल्याशिवाय कुणाला सुई टोचली नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही वाचता का?"

मी विचारलं, वीज कमी येतेय का?

"वीज झकास येते हो. त्याची तक्रारच नाही. परदेशी पॅनेल मला मार्चमध्येच मिळत होते, लगेच. मी दोन महिने थांबले. इथल्या बायकांच्या हाताला काम मिळतंय म्हणाले, म्हणून थांबले." मग आत डोकावून म्हणाल्या, "कुठं बसतात त्या?"

आत रिकामी टेबलं होती. त्यांनीही पाहिली. तक्रार करणार आहे, एवढं सांगून गेल्या.

घरी आले आणि दार लावायच्या आधीच ह्यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या खोक्यापासून. नऊ वर्षं तेच बसवतोय मी. ओळखणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. असेच पॅनेल मी वर्षानुवर्षं बसवत आलोय, म्हणालो."

मी ही वही काढली, २३ एप्रिलचं पान उघडलं. शब्दन् शब्द तेच.

"नीट का नाही सांगितलंत? तोंडावर?"

ह्यांनी पक्कड पुसून ठेवली. मग म्हणाले, "तू खूश होतीस. आणि मला काम मिळालं होतं. यातलं आधी कुठलं, ते मला विचारू नकोस."

मी विचारलं नाही. ह्यांनाही कुणी तरी विचारावं की, तुझी बायको इतकी मूर्ख का वाटली तुला. पण तेही मीच लिहितेय, विचारत नाही.

४ जून

चिमटीकडे गेले. लाँड्रीत कपड्यांच्या घड्या घालते. मालकिणीला सांगून दोन मिनिटं बाहेर आली. मी म्हटलं, "चुकले गं. तू खरं सांगत होतीस."

तिनं हात पुसले. "माफी मागायला आलीस, की साक्षीला माणूस शोधायला?"

काय सांगू? रस्ताभर मी दोन्हीचा विचार करत आले होते.

"मला वाटलंच," ती म्हणाली आणि आत गेली.

९ जून

तक्रार वर पोचली. चौकशी लागली आहे. मालकांनी बोलावलं. बसा म्हणाले, पाणी मागवलं. समोर एक छापील पत्र ठेवलं. माझ्या नावानं लिहिलेलं. भाषा फार छान आहे, माझ्यापेक्षा चांगली. 'दुरुस्तीसाठी आलेला परदेशी माल आणि आमचा माल यांची सरमिसळ माझ्या नजरेतून सुटली. ही सर्वस्वी माझी चूक आहे.'

"थोडे महिने घरी बसाल," ते म्हणाले. "त्या बदल्यात सोल्डरिंगची लाइन पुढच्या महिन्यात सुरू. सगळ्याजणी परत. माझा शब्द."

"आणि मी खरं सांगितलं तर?"

"कारखान्याला कुलूप. मग त्या एकवीसजणींना तोंड तुम्ही द्यायचं, मी नाही."

चिडले नाहीत, धमकावलं नाही. उठताना म्हणाले, "ती खुर्ची घरी न्या हवी तर."

११ जून

लाइनवरच्या पाचजणी घरी आल्या. त्यांना पत्राचं कळलंय. कुणी कळवलं ते विचारायची गरज नव्हती. चहा केला. चहा संपेपर्यंत सगळ्या इकडचं तिकडचं बोलल्या. मग सगळ्यांत धाकटी म्हणाली, "करून टाका ना सही. इतक्या हजार केल्यात, त्यात अजून एक."

कुणी तिला गप्प केलं नाही.

त्या गेल्यावर ह्यांना विचारलं, काय करू? म्हणाले, "सही तुझी आहे."

पहिल्यांदाच हे कुणीतरी मला सांगितलं.

१४ जून

तपासनीस बाई आल्या होत्या. वयानं माझ्याहून लहान, कामाच्या ढिगानं वाकलेल्या. मी पत्र दिलं नाही. सगळं सांगितलं. गोदाम, पिस्तूल, माझ्या सह्या, नवी खुर्ची. मी न बघता सही केली, हेही.

कुणी वाचलंच तर मला शूर समजायला नको, म्हणून लिहिते. पत्र मी खरेपणापायी नाकारलं नाही. 'माझ्या नजरेतून सुटली' हे वाक्य होतं ना, त्याखाली मला सही करवेना. अकरा वर्षांत माझ्या नजरेतून काहीही सुटलं नव्हतं. मी नजरच दुसरीकडे ठेवली होती. ती चूक माझी, पण ही नव्हे. एवढ्या एका वाक्यासाठी मी एकवीस घरांचं काम घालवलं असेल, तर तसंच.

तपासनीस बाईंनी माझं सगळं म्हणणं सात ओळींत बसवलं आणि विचारलं, "इथं सही करता?"

२ जुलै

कारखान्याला कुलूप लागलं.

बसच्या थांब्यावर लाइनवरच्या दोघी भेटल्या. मी हसले. एक फोनमध्ये बघायला लागली. दुसरी माझ्या डोक्यावरून बसचा नंबर वाचत होती. बस आलेली नव्हती.

१९ जुलै

निकाल लागून आठवडा झाला. पूर्ण नाही, मालाचा तेवढा.

गोदामातल्या परदेशी पॅनेलमध्ये दोष काही नाही. त्यांची मूळ कंपनी खरी, चाचण्या खऱ्या. दंड भरा, कर भरा, खोटं लेबल काढा आणि परदेशी म्हणून उघडपणे विका. मालकांनी आठवड्यात सोडवले. दुसऱ्या नावानं दुकान काढतायत म्हणे. तीच तीन माणसं त्याच पिस्तुलानं आता आमचं लेबल सोलत बसली आहेत.

सगळा माल ह्यांच्या ठेकेदारानं घेतला. हे उद्यापासून कामावर. जेवताना म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस." मी म्हटलं, "नाही हो, वीज झकास येते." ह्यांनी भातावर ताक ओतून घेतलं. पूर्वी आम्ही भांडायचो ते बरं होतं.

आता प्रश्न उरला कारखान्याच्या आवारातल्या मालाचा. तिथं आमचे आणि परदेशी मिसळून पडलेत. लेबल सगळ्यांवर आमचंच, सही सगळ्यांवर माझीच. खरे कुठले ते सांगायला तपासनीस बाईंनी मला बोलावलंय. मी म्हटलं, एकटीला जमणार नाही. अजून एक बाई लागेल.

२६ जुलै

चिमटी आली. मी लाँड्रीत निरोप ठेवला होता, येईल असं वाटलं नव्हतं. माझ्याशी बोलली नाही. तपासनीस बाईंना म्हणाली, "अर्ध्या दिवसाचीच सुट्टी आहे, पटकन करू."

आवारात थप्प्या होत्या. दोन हमाल एकेक पॅनेल उभं करायचे, आम्ही काचेतून बघायचो. परदेशी पॅनेलच्या पट्ट्या यंत्रानं ओढलेल्या, पट्टीवर पट्टी एकसारखी. त्यात चुकायला काही नाही. "नाही," ती म्हणायची. "नाही," मी म्हणायची. पुढचं. ऊन चढलं, घसे कोरडे पडले. पाण्याची बाटली मी तिच्याकडे दिली. तिनं घेतली, प्यायली आणि परत दिली. पावणेतीन महिन्यांनंतर एवढं झालं.

दुपारपर्यंत सव्वासहाशेतले त्रेचाळीस निघाले. त्रेचाळीस आमचे.

शेवटच्यापाशी चिमटी थांबली. वाकली. काचेवर तळवा टेकला आणि हळूहळू खाली नेला.

"ही चौथी रांग माझी आहे," ती म्हणाली. मला म्हणाली. "पोरीला ताप होता बघ तेव्हा. हात थरथरत होता. इथं पट्टी केसभर तिरकी गेलीय."

मी पाहिलं. केसभर तिरकी होती. पण जोड पक्का होता, कुठंही तडा नव्हता.

मी तपासनीस बाईंना विचारलं, "आता सिद्ध झालं ना? हे त्रेचाळीस इथंच बनलेत. मग हे तरी कुणाच्या छतावर लावता येतील?"

त्यांनी कागद चाळले. "प्रमाणपत्राशिवाय लावता येत नाहीत. यांचं प्रमाणपत्र तुमच्या सहीचं आहे."

"मग?"

"तुमची सही रद्द झालीय. परदेशी माल त्याच्या मूळ कागदांवर सुटला. यांना दुसरे कागदच नाहीत. खटला संपेपर्यंत इथंच राहतील."

"खटला किती दिवस चालेल?"

त्या थकलेलं हसल्या. "मी कसं सांगू, बाई?"

पॅनेल उभंच होतं. ऊन सरळ काचेवर पडत होतं आणि मागच्या दोन वायरी मोकळ्या लोंबत होत्या. चिमटीचा तळवा अजून चौथ्या रांगेवर होता.

"तेवढा हात काढा," तपासनीस बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "पुरावा आहे तो."

तिनं हात काढला. काचेवर पाच बोटं उमटली होती. तिनं विचारलं, "हे पुसू, की हेपण राहू दे?"